गोलमागचा आवाज

मंडळी, चौकातल्या या फळ्यावर मी रोज सुविचार लिहितो. आज घरातलं लिहितोय, मुलाला विचारूनच.

सकाळी देवपूरच्या मैदानावर आपल्या गल्लीच्या संघाचा फुटबॉलचा सामना झाला. पाहुण्यांचा गोलकीपर रमेश, सातपुड्यातल्या पाड्यावरचा. गोलमागे उभी राहून आपली पोरं ओरडत होती, "ए काळ्या, झाडावर चढ!" माकडासारखे आवाजही काढत होती. सगळ्यांत मोठा आवाज आमच्या संजयचा. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तिथवर तो ऐकू आला. रमेशनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

सामन्यानंतर पाहुणे खेळाडू आपण घरोघरी जेवायला नेतो. आमच्या वाट्याला रमेश आला.

वरण-बट्टीचा बेत होता. संजय जेवेना आणि बोलेनाही. पाणीसुद्धा खुणेनं मागितलं. त्याची आई म्हणाली, "काय रे, मुका व्हई गया का?"

मला कळलं. रमेशनं त्याचा चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज ऐकला होता. मी मनात म्हटलं, देवा, याला तोंड उघडायची बुद्धी दे.

शेवटी संजय उठला आणि बट्ट्यांची परात घेऊन रमेशपुढे वाकला. "भाऊ, एक बट्टी ल्या ना."

रमेशचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. संजयची मान खाली होती.

"अर्धीच दे," रमेश म्हणाला. "अर्धी तू खा. सकाळी लई ओरडलास, भूक लागली असेल."

मंडळी, पुढच्या रविवारी दुसरा संघ येतोय. त्यातलाही एकजण तुमच्या घरी जेवणार आहे. गोलमागे उभं राहून काय ओरडाल?