काजूच्या झाडावरचा तीन नंबरचा डबा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टेकावरच्या काजूच्या झाडाला डबा बांधणं. मी वर, बायको खाली. दोरी देत होती आणि शिव्याबी. "अवो, नीट बांधा! तुमचं लग्नातलं बाशिंगबी असंच सुटलेलं."

त्यानंतर चार दिवसांत ती गेली. पडली आणि गेली... संपलं.

मी भुताखेताला मानत न्हाय. मानणाऱ्याला तोंडावर येडा म्हणतो. शाळा चौथीपर्यंत, तरी चुका काढू नका, ऐका.

जांबोटीच्या वरच्या अंगाला आमची घरं. मोबाईलला रेंज न्हाय. लेक बेळगावात कॉलेजात शिकवते, तिनं हे डबे आणून दिले. वर सोलरची काच, आत बॅटरी. मोबाईलवर निरोप लिहायचा, तो एका डब्यातनं दुसऱ्यात उड्या मारत जातो. "आप्पा, जवळची वाट तो आपणच शोधतो," लेक म्हणाली. एक नंबर माझा, दोन जानक्काचा, तीन काजूवरचा, चार बाळूअण्णाचा, पाच जांबोटीत गुरांच्या डॉक्टरकडं. पण टेकाडापलीकडं जायला तीन नंबरशिवाय वाट न्हाय.

ती गेल्यावर मी तो डबा काढला. तिनं दोरी धरलेला डबा बघवंना. बॅटरी काढून ट्रंकेत, तिच्या लुगड्यांखाली ठेवला. सगळ्यांचे निरोप बंद पडले.

मग परवा दुपारी म्हस अडली. रेडकाचा एक पाय बाहेर, दुसरा आत. चालत जांबोटी दोन तास, तवर म्हस गेलीच असती. डोस्कं फिरलं, सवयीनं मोबाईलवर लिहिलं — "म्हस अडली या".

पाऊण तासात डॉक्टरची फटफटी दारात! रेडी झाली, म्हसबी वाचली. हात धुता धुता मी विचारलं, "सांगितलं कुणी?"

"तुमचाच निरोप की, मामा." त्यानं मोबाईल दाखवला. वाट लिहिलेली — एक, तीन, चार, पाच.

मी त्याच्यासमोर ट्रंक उघडली. डबा तिथंच. बॅटरी येगळी, कागदात.

डॉक्टर हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "चहा टाका मामा, जास्त साखरेचा."

लेकीला नंतर जांबोटीतनं फोनवर विचारलं. म्हणाली, "जुनी वाट दिसली असंल." मी म्हटलं, "दिसू दे की. निरोप गेला कुठनं?" ती अजून कागदावर रेघोट्या मारते आहे. मलाबी कळलेलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकाचा खरवस केला, ट्रंकेतला डबा पिशवीत टाकला आणि वाटेवरच्या घरांना खरवस वाटायला निघालो. जानक्का आडवी आली. "माझा डबा सोडून गेला व्हय निरोप? तरीबी वाटा पाहिजे!" दिला. बाळूअण्णाला दिला, डॉक्टरसाठी त्याच्याकडंच ठेवला. येताना टेकावर थांबलो, बॅटरी घातली, डबा काजूला बांधला. तीन नंबरचा वाटा उरलेला. बुंध्याशी बसून तो मीच खाल्ला, आणि पातेलं खरवडायचा मान तिचा असायचा, तोबी घेतला.