बंदरावर उतरलेला कागद

“मग त्या देशात पेपरच वाचत नाहीत, असं लिहून टाका,” अमोल सर पुण्याहून फोनवर म्हणाले. “चार वाजता रिपोर्ट जायचाय, मॅडम.”

मी लातूरला घरून काम करते. कंपन्यांसाठी बाजाराचे रिपोर्ट लिहिते. या वेळचं काम न्यूजप्रिंटचं होतं. न्यूजप्रिंट म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. तो मोठाल्या रिळांत येतो. आफ्रिकेतल्या दोन शेजारी देशांत त्याचा व्यापार कसा बदलतोय, ते सांगायचं होतं. देशांची नावं सांगत नाही, तसा करार आहे. एका देशाला बंदर आहे. दुसऱ्याला समुद्रच नाही. त्याचा माल शेजाऱ्याच्या बंदरावर उतरतो आणि ट्रकने पुढे जातो.

आकडे विचित्र होते. एकाच वर्षात बंदरवाल्या देशाची खरेदी एकदम वर गेली होती आणि दुसऱ्याची पार तळाला. रिपोर्ट मागवणाऱ्या कागद गिरणीला दोन्हीकडे गोदाम उघडायचं होतं. सर म्हणाले तसं लिहिलं असतं, तर दुसरं गोदाम रद्दच होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन तीन महिने झाले होते. सुट्टीनंतरचं हे माझं पहिलं काम. चुकलं असतं तर सर काही बोलले नसते. पण पुढचं कामही आलं नसतं.

अकरा वाजता मन्मथकाकांचा फोन आला. काका अप्पांचे जोडीदार. उदगीरला दोघांची पेपरची एजन्सी होती. अप्पा गेल्यापासून काकांचा फोन रोज येतो, अकराच्या ठोक्याला.

“जेवलीस का?”

“अकरा वाजलेत, काका.”

“मग काय करायलीस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि मग हसायलाच लागले.

“अगं, हे तर आपलं जळकोट झालं!”

गोष्ट मला माहीत होती. पण अप्पांनंतर ती कुणी काढली नव्हती. तेव्हा पेपर लातूरला छापून पहाटेच्या एसटीने उदगीरला यायचे. पुढच्या जळकोट गावचे गठ्ठेही त्यातच, अप्पांच्या नावावर. काका ते उदगीर स्टँडवर सोडवून घेत आणि जळकोटच्या गाडीत टाकत. त्यामुळे पेपरच्या नांदेड ऑफिसात सगळा खप उदगीरचा दिसे आणि जळकोटपुढे शून्य. एकदा तिथले खपाचे साहेब आले. उदगीर एवढं वाचतं म्हणून त्यांनी अप्पांना शाल घातली. जळकोटचा वार्ताहर मात्र बंद करू म्हणाले.

“अप्पांनी घेतली शाल?” मी मुद्दाम विचारलं.

“घेतली की! आन् तीच पांघरून सायबाला जळकोटच्या गाडीत बसवलं. थंडी लई होती. तिथं हाटेलात एका पेपरची चार पानं चौघांत वाटलेली. सायबानं बातमी बघायला पान मागितलं, तर एक म्हातारा म्हणला, नंबर लावा.”

मी किती दिवसांनी मोठ्याने हसले.

“तवा बाई,” काका म्हणाले, “तुझं पार्सल कुठल्या स्टँडवर सोडवून घ्यायलेत, ते बघ आधी.”

मी बघितलं. ज्या वर्षी आकडा पडला, त्याच वर्षी दोन्ही देशांत करार झाला होता: जकात एकदाच, बंदरावर. सीमेवर ट्रकची पुन्हा नोंद नाही. म्हणजे कागद जात होता, नाव तेवढं बंदराचं लागत होतं. खात्रीसाठी दुसरा माल तपासला. टायर, काच, खिळे. सगळ्यांच्या आलेखातल्या रेषा त्याच वर्षी तशाच पडलेल्या.

मग त्या बिनसमुद्राच्या देशातल्या एका छापखान्याच्या मॅनेजरला फोन लावला. तुमच्याकडे कागद कमी झालाय का, म्हणून विचारलं.

“कमी? मॅडम, माल बंदरातून कधी येईल याचा नेम नाही, म्हणून साठवून ठेवतो. माझं टेबल बाहेर काढावं लागलंय.”

त्याने फोटोही पाठवला. रिळं छतापर्यंत, आणि साहेबांचं टेबल व्हरांड्यात.

“एका फोटोवर रिपोर्ट बदलायचा?” अमोल सरांनी विचारलं.

“फोटोवर नाही सर, टायरवर. लोकांनी पेपर सोडला असं मानू. पण त्याच वर्षी टायरही सोडले?”

सरांनी टायरचे आकडे स्वतः उघडून बघितले. मग म्हणाले, “लिहा. पण चारच्या आत.”

मी लिहिलं: दोन्ही देशांचे आकडे एकत्र करून बघा. कागदाचा खप फारसा हललेला नाही, फक्त नोंदीची जागा बदलली आहे. रिपोर्ट चारला पाच मिनिटं कमी असताना गेला.

काही महिन्यांनी गिरणीने तिथे गोदाम उघडलं. मॅनेजरने नवा फोटो पाठवला. कागद आता गावातच मिळत होता, साठवायची गरज नव्हती. टेबल आत आलं होतं.

काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मग तुला शाल घातली का न्हाई?”

“नाही. पुढचं काम दिलं.”

“अप्पाची हाय की कपाटात. ती पांघर.”

“काका, मे महिना आहे!”

“मग फॅन लाव आन् पांघर.”

आता कुठे शून्य दिसलं, की मी आधी नकाशा उघडते आणि गाडी कुठे थांबते ते बघते. लिहायचं ते त्यानंतर.