आईने हात वर केला

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आज निरोप आला, ऊन वाढलंय, दुपारी दुकानं बंद ठेवा, ताक-पाणी भरपूर प्या, आणि मला गोंदियातल्या व्यापारी संघाची ती जुनी बैठक आठवली. बाजारात तेव्हा आमचं दारं-खिडक्यांना लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचं आणि कूलरच्या गवताचं दुकान होतं. बाबा गेल्यापासून आई एकटीच ते चालवायची आणि मी नुकतीच तिच्यासोबत बसू लागले होते. मे महिन्यात दुपारी बाजार बंद ठेवायचा का, असं अध्यक्षांनी विचारताच सगळ्यांत आधी आईचा हात वर गेला. मला काही कळेना, कारण ऊन डोक्यावर आल्यावरच तर आमचं गिऱ्हाईक यायचं. "आपला धंदा तं दुपारचाच हाय, मंग हात काऊन वर केला?" मी रस्ताभर विचारत राहिले. "सगळ्यायलेच ऊन लागते," एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर ओढून आम्ही गावाबाहेर फुलचूरला घरी आलो. आईने पाय धुतले, कूलरसमोर सतरंजी टाकली आणि लगेच झोपली. दिवसा झोपलेली आई मी कधी पाहिलीच नव्हती. बरं नाही की काय, म्हणून कपाळाला हात लावला, तर ताप नव्हता. तेवढ्यात दुकान बंद बघून एक ओळखीचं गिऱ्हाईक थेट घराच्या दारात आलं. "दीदी, दो ताटी दे दो, बहुत गर्मी है." ताट्या ओसरीतच ठेवल्या होत्या, तरी मी हळूच म्हणाले, "शाम को आना." तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला, आणि मीही तितकीच गोंधळले होते. आईने हात बाजारासाठी वर केला होता की त्या झोपेसाठी, हे मला अजूनही ठरवता येत नाही.