उजव्या बोटाची शाई

आमच्या चौबे कॉलोनीत मतदानाच्या दिवशी दोन्ही हातांच्या बोटांना शाई लावून मिरवणारा मी एकटाच. डाव्या बोटाची शाई माझ्या मताची, उजव्या बोटाची ताईच्या मताची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिला लहानपणापासून दिसत नाही. रेल्वेत टेलिफोनवर नोकरी करून निवृत्त झाली, आणि घरात कोण कोणत्या मूडमध्ये आलंय ते चपलेच्या आवाजावरून सांगते.

तर तिच्या वतीने बटन मी दाबायचो. कायद्यातच सोय आहे. मतदाराला दिसत नसेल तर सोबत्याने बटन दाबायचं, मत गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं, आणि उजव्या बोटाला शाई लावून घ्यायची. ती दोन बोटं घेऊन मी दिवसभर चहा पीत फिरायचो. समाजसेवा केली ना बाप्पा!

मागच्या निवडणुकीच्या आधी मटार सोलता सोलता ताई म्हणाली, "या वेळेस बटन मी दाबीन."

"अन् कोणतं कोणाचं ते तुले कसं समजंल?"

"मशीनवर बटनांच्या बाजूला ब्रेलमध्ये नंबर असतात म्हणे. उमेदवारांची ब्रेलमधली यादीपण भेटते. आमच्या अंधशाळेच्या जुन्या पोरींच्या ग्रुपवर आलं."

"मंग इतके वर्षं काहून नाही बोलली?"

"मले कोणी सांगितलं? मशीनसमोर तर तू उभा राहत होता!"

खरं होतं. ते बारीक ठिपके मी दर वेळी पाहिले होते. प्लास्टिकचं डिझाइन असेल, असं समजून सोडून दिले होते. तरी मला राग आलाच. स्कूटरवर बसवून नेतो, उन्हात रांगेत उभं राहू देत नाही, अजून काय पाहिजे हिला? दोन दिवस मी फुगून बसलो. ताईने माझ्या चपलेच्या आवाजावरून ते ओळखलं आणि खुशाल रेडिओ ऐकत बसली.

मतदानाच्या सकाळी केंद्रावर गेलो. टेबलामागचे साहेब भले माणूस होते, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "अंकल, आप ही दबा दीजिए न, जल्दी हो जाएगा."

मी सवयीने उजवं बोट पुढे केलं. ताईने काठी फरशीवर टेकवली.

"भैया, वोट मेरा है. मुझसे बात कीजिए. और वो ब्रेल वाली लिस्ट दीजिए."

साहेबांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने सामानाच्या पेटीकडे. यादी कुठे आहे कोणालाच ठाऊक नव्हतं. "नहीं मिली तो?" साहेबांनी विचारलं. "तो मैं यहीं बैठी हूं," असं म्हणून ताईने हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसली. मागे रांग कुरकुरायला लागली. मी हळूच म्हणालो, "ताई, तमाशा नको करू, मी दाबून देतो ना."

"पोट्ट्या, चूप बस."

साठी उलटलेल्या माणसाला भर रांगेत पोट्ट्या! रांगेतली एक बाई मात्र खो खो हसली आणि इथल्या बोलीत ओरडली, "हव हव, दीदी ला दबावन दव!"

शेवटी पेटीच्या तळातून, घडीही न मोडलेली यादी निघाली. ताईने ती मांडीवर ठेवली आणि वरपासून बोट फिरवत वाचायला लागली. वाचून झाल्यावर माझ्याकडे तोंड केलं.

"इतके लोक निवडणुकीले उभे आहेत? तू तर दर वेळेस चारच सांगत होता."

"बाकीचे फालतू असतात," मी म्हणालो. रांग आता ताईच्या बाजूने हसत होती.

मग ती एकटी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मी बाहेर उभा. मशीन वाजेना. आणि तेवढ्या वेळात मला नको ते आठवलं. एका निवडणुकीत ताईने मला दोन नंबर दाबायला सांगितला होता आणि मी पाच नंबर दाबून आलो होतो. हिला राजकारणातलं काय समजते, मीच बरोबर देतो, असा माझा हिशेब. गुप्त ठेवीन असं लिहून दिलं होतं ना! मी ते मत इतकं गुप्त ठेवलं, की जिचं होतं तिलाही कळू दिलं नाही.

मशीन वाजलं. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरीसारखा झाला होता. साहेब उठून उभे राहिले होते.

परतताना ठेल्यावर पोहे-जिलेबी घेतली. माझं उजवं बोट कोरंच होतं.

"कोणाले दिलं?" मी विचारलं.

"मतदान गुप्त असते."

"माझ्यापासून पण?"

"तुझ्यापासून तर आधी." तिने जिलेबीचा तुकडा मोडला. "मागं एकदा मी दोन नंबर सांगितला होता, आठवते? तुझं कोपर धरून उभी होती मी. दोन नंबरसाठी हात इतका खाली न्यावा नाही लागत, बाबू."

इतकी वर्षं तिला माहीत होतं. इतकी वर्षं ती माझ्या त्या मिरवणाऱ्या बोटांचं कौतुक ऐकून घेत होती.

"तेव्हाच काहून नाही बोलली?"

"बोलली असती अन् तू रुसला असता, तर पुढच्या वेळेस मले नेलं कोणी असतं?"

मला इतकी लाज वाटली, की ठेलेवाल्याकडेही बघवेना. "चुकलं माझं, ताई," मी म्हणालो.

"हव," ती म्हणाली, "चुकलंच." मग हात पुसले, आणि घरी निघायला माझं कोपर धरलं.