कपाळावरचा हात

मारिसेल माझी ऑफिसातली मैत्रीण. तिच्या लग्नासाठी मी पहिल्यांदाच फिलिपिन्सला गेले. चर्चच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत तिची आजी खुर्चीवर बसली होती. मी जवळ जाताच तिने हात पुढे केला. मी तो धरून चांगला जोरात हलवला. बाजूच्या बायका तोंडावर पंखे धरून हसल्या. आजीही हसली, पण तिने हात मागे घेतला नाही.

"तसं नाही गं, कपाळाला लाव," मारिसेल म्हणाली.

मी बाजूला झाले आणि नुसती बघत राहिले. येणारा प्रत्येक जण वाकून आजीचा हात उचलत होता आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला टेकवत होता. पिकल्या केसांचे काका आले, पातळ पांढऱ्या सदऱ्यातला नवरदेवही आला. आमच्याकडे आशीर्वादासाठी पायांपर्यंत जावं लागतं. इथे तो हातातून थेट कपाळात उतरत होता. पुन्हा माझी पाळी आली, तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले. हात कोरडा होता, उबदार होता. कित्येक वर्षांत माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता, हे मला समुद्र ओलांडून गेल्यावर कळलं.

घरी परतले आणि पाया पडायच्या आधी आईचा हात उचलून कपाळाला लावला. तिने लगेच तळवा टेकवला, मग गळ्यालाही लावून पाहिला.

"ताप तर नाहीये. काय होतंय तुला?"

"काही नाही," मी म्हटलं. "हात राहू दे जरा."