जनरेटरमागची व्हीलचेअर

आजींचं डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात. सातला मशीनवर घेतलं तर चार तास पुरे मिळतात. साडेअकराला त्याच मशीनवर दुसरा पेशंट येतो, त्यामुळे आपण साडेसातला पोचलो तर अर्धा तास गेला तो गेला. मी नवी असताना एकदा कॅबच मिळेना. पोचायला आठ वाजले, तीन तास मिळाले. अंगातलं पाणी पुरतं निघालं नाही आणि संध्याकाळपासून आजींना धाप लागली. आडवं होता येईना. पाठीशी तीन उशा लावून मी त्यांना धरून बसले होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घड्याळ आहे, सातचं.

मी निपाणीकडची. सातवीतून शाळा सुटली आणि आईबरोबर विड्या वळायला बसले. पुढं लग्न झालं, नवरा गेला, आणि ओळखीच्या एका बाईनं बंगळूरचं हे आजींना सांभाळायचं काम सांगितलं. आता गाव म्हणजे एका रात्रीची बस. इथं जयनगरात आजींच्या घरी मला माझी खोली आहे आणि तिच्या दाराला आतून कडी आहे. अशी कडी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. ज्यांनी ती दिली त्यांच्या कामात आपल्या हातून चूक व्हायला नको, या धास्तीतच माझा दिवस जातो.

आजींचं घराणं तीन पिढ्या इथंच. त्यांचं मराठी अर्धं कानडीत भिजलेलं. मला हाक मारायची तर "अय्यो, कुठं गेलीस गं", आणि घाई केली तर "स्वल्प थांब की". लेक सर्जापूर रोडला राहते, मी तिला ताई म्हणते. सकाळी तिथून इथं यायचं म्हणजे दीड तास, म्हणून कॅब त्या आपल्या फोनवरून लावायच्या. पण ड्रायव्हर फोन करणार त्यांना, आणि त्या मुलांच्या डब्यांत अडकलेल्या. फोन उचलला नाही की तो ट्रिप रद्द करून मोकळा. शेवटी ताईंनी ॲप माझ्या फोनवर टाकलं. सगळं इंग्रजीत. मी अक्षरं वाचत नाही, जागा लक्षात ठेवते. वरच्या चौकोनात हॉस्पिटल, खाली काळी पट्टी, तिथं दाबायचं.

तरी कॅब आमच्या दारापर्यंत येऊन परत जायच्या. कारण व्हीलचेअर. बऱ्याच गाड्या गॅसवर चालतात आणि डिकीत सिलिंडर असतो. घडी घातली तरी खुर्ची तिथं बसत नाही. मग ती पुढच्या सीटवर ठेवायची, सीट मागं ढकलायची, चाकाचा डाग सीटला लागायचा. आजींना बसवायला पाच-सात मिनिटं लागतात, त्याचं काही मिळत नाही, आणि मागून स्कूलबस हॉर्न वाजवत असते. ड्रायव्हर लांबूनच खुर्ची बघायचा, काचेआडून हात हलवायचा आणि जायचा. एकदा तर तिघं गेले. एकानं गाडी थांबवलीसुद्धा नाही.

यावर तोड काढली आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननं. तो रायचूरकडचा, मला अक्का म्हणतो. म्हणाला, खुर्ची दाखवूच नका, जनरेटरच्या मागं ठेवा. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवा, जशी कुणाची वाट बघत बसलेली बाई. गाडी आली की आधी खिडकीतून ओटीपी सांगा. ओटीपी टाकला की ट्रिप सुरू, मग त्याला सोडून जाता येत नाही. मग काढा खुर्ची.

तसंच करायला लागले. आणि ते चाललं, तीन-चार महिने अगदी सुरळीत चाललं. काहीजण तोंड वाकडं करायचे, पण खुर्ची उचलून ठेवायचे. मला उचलता यायची नाही, कारण माझे दोन्ही हात आजींना लागतात. डावा हात त्यांचा मशीनच्या सुयांचा, त्याला दाब चालत नाही, उजव्या काखेत धरूनच आत घ्यावं लागतं. खुर्ची ड्रायव्हरच उचलणार हे धरूनच चाललं होतं. त्याबदली मी त्यांना केळी द्यायची. आजींना बघायला येणारे वेलची केळी आणतात आणि डायलिसिसवाल्याला केळं चालत नाही. गेटवर नेऊन केळी देताना मला फार बरं वाटायचं. वाटायचं, आपण कुणाचं ठेवत नाही.

त्या गुरुवारी आलेला ड्रायव्हर पन्नाशीचा असेल. पांढरी गाडी, आरशाला मोगऱ्याचा गजरा. सहा वाजून दहा मिनिटं झालेली. मी ओटीपी सांगितला, त्यानं टाकला. मग वॉचमननं जनरेटरमागून खुर्ची ढकलत आणली. ड्रायव्हर तिच्याकडं बघत राहिला. सावकाश उतरला, घडी घातली, दोन्ही हातांनी उचलली आणि पुढच्या सीटवर टेकवली. एवढं करून तो दाराला धरून उभा राहिला. मी आजींचा पदर दारातून आत ओढत होते. मला वाटलं, सकाळी सकाळी माणसाला आळस येतोच.

गाडी निघाली. आजी एसी बंद करा म्हणाल्या, त्यानं केला. मी फोनवरच्या घड्याळाकडं बघत होते. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला त्याचा एक हात शर्टाच्या आत गेला आणि तिथंच राहिला. गाडी एका हातानं चाललेली. कपाळावर घाम. आधी आजींनीच बघितलं.

"ह्याला बरं नाही गं," आजी मला म्हणाल्या.

मी म्हटलं, हॉस्पिटल जवळच आलंय. खोटं होतं, अजून पंधरा मिनिटं होती. लिहायला लाज वाटते, पण आजी असं म्हणाल्या तेव्हा मला तो माणूस आठवला नाही, मशीन आठवलं.

पुढं त्यानं एका बंद दुकानापाशी गाडी कडेला घेतली. दोन मिनिटं, अक्का, असं कानडीत म्हणाला आणि सीट मागं टाकून डोळे मिटले. सहा पस्तीस. मी विचारलं, काय होतंय अण्णा? मग त्यानं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, बावीस दिवसांपूर्वी. पोटात जाळी बसवलेली. डॉक्टरनं सांगितलेलं, तीन महिने वजन उचलायचं नाही. पण गाडी तीन महिने उभी ठेवून घर चालत नाही. बायको म्हणाली, गाडी चालवा पण सामान उचलू नका. आधी तो यशवंतपूर स्टेशनवर थांबायचा. तिथं रेल्वेतून उतरलेली माणसं तांदळाची पोती, लोखंडी पेट्या घेऊन यायची. तीन ट्रिपा त्यानं सोडल्या. ॲपनं इशारा पाठवला: अजून रद्द केलं तर आयडी बंद होईल. कारण टाकायला तिथं यादी असते, तिच्यात पोटाला टाके असा पर्याय नाही. म्हणून आठवडाभर तो पहाटेचा जयनगरला येत होता. त्याचा हिशोब असा की सकाळी जयनगरातून ऑफिसची माणसं निघतात आणि त्यांच्याकडं लॅपटॉपची एक पिशवी असते.

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "अण्णा, खुर्ची मी लपवली होती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "गाडी लावतानाच चाक दिसलं."

"मग गेला का नाहीत?"

"गेलो असतो तर आज आयडी गेला असता." त्यानं डोळे उघडले नाहीत. "तुम्ही फोनवर सांगितलं असतं ना, तरी मी आलो असतो. एवढंच म्हणालो असतो, खुर्ची तुम्ही उचला."

आजींना कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी त्याला विचारलं, दुसरी गाडी बोलवायची का, तू घरी जा. तो नको म्हणाला. ट्रिप अर्ध्यात सोडली तर तेही रद्दमध्येच धरतात. आजी म्हणाल्या, सरी, बरं मग, स्वल्प बस, आम्ही काय ऑफिसला चाललो नाही. सहा त्रेचाळीस झाले होते. आजी माझ्या फोनवर तळहात ठेवून बसल्या.

पावणेसातला त्यानं गाडी काढली आणि अगदी सावकाश चालवली. हॉस्पिटलच्या दारात तो उतरायला लागला तर मी जवळजवळ ओरडले, तुम्ही हलायचं नाही. आजींना गाडीतच बसवून आधी खुर्ची ओढली. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. चार महिने दुसऱ्यांनी उचलली होती. मग आजींना काढलं. सात वाजून पंचवीस मिनिटांनी सिस्टरनी सुया लावल्या. पंचवीस मिनिटं गेली. आजींना त्या दिवशी काही त्रास झाला नाही, पायावर थोडी सूज राहिली एवढंच.

केळी द्यायचं मी विसरले होते. दुपारी घरी आल्यावर त्याचे टाके कसे आहेत विचारावं म्हणून सकाळच्या नंबरवर फोन लावला. बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. वॉचमन म्हणाला, तो नंबर खरा नसतोच, ट्रिप संपली की तो कुणाचाच नसतो. ताईंना सांगून ॲपमधून निरोप पाठवायचा प्रयत्न केला. तिथं हरवलेल्या वस्तूबद्दल लिहिता येतं, ड्रायव्हरच्या वाईट वागण्याबद्दल लिहिता येतं. आमचं वागणं वाईट होतं, हे कुठं लिहायचं ते ताईंनाही सापडलं नाही. त्याचं पुढं काय झालं मला कळलं नाही.

शनिवारपासून मी ठरवलं की आधी सांगायचं. गाडी मिळाली की लगेच फोन. माझ्या निपाणीच्या कानडीत एक वाक्य पाठ केलं: अण्णा, व्हीलचेअर आहे, पेशंट आहे, खुर्ची मीच उचलते, तुम्ही फक्त सीट मागं घ्या. पहिल्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दुसरा म्हणाला, येतो येतो, आणि दोन मिनिटांनी रद्द. तिसरा आला. पोचलो सात वीसला. मंगळवारी पाचजण गेले आणि पोचलो सात पन्नासला. त्या संध्याकाळी आजींना पुन्हा धाप लागली. पुन्हा तीन उशा.

उशा लावताना मी रडत होते. आजी म्हणाल्या, "खरं बोलून मला वर पाठवतेस की काय गं?"

त्या चेष्टेनं म्हणाल्या, पण मी हबकले. ताईंचा फोन आला, त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या की महिन्यावर एखादी गाडी ठरवून टाकू, चौकशी करते. तोवर काय करायचं ते तुम्ही दोघी बघा. मी आजींना सांगितलं, गुरुवारी खुर्ची परत जनरेटरमागं ठेवते. जीव तुमचा आहे, त्याच्यापुढं माझं खरं-खोटं काय चाटायचंय.

आजींनी उशीवर डोकं टेकून डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाल्या, उद्याचं जेवण लवकर कर, गुरुवारी पाचला उठायचंय.

गुरुवारी पाचला उठवलं तर त्या आधीच जाग्या होत्या. खाली आल्यावर वॉचमननं सवयीनं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. आजींनी ती पायानं सरकवली. मला म्हणाल्या, मला व्हीलचेअरमध्येच बसव आणि गेटाच्या बाहेर ने. रस्त्याच्या कडेला, दिव्याखाली. ज्याला बघायचं त्यानं बघून घ्यावं. मी म्हटलं, आजी, लोक काय म्हणतील, ताई काय म्हणतील. त्या म्हणाल्या, ताईला मी जन्म दिलाय, ती मला काय म्हणते.

पावणेसहाला बुकिंग टाकलं. पहिला रद्द. दुसऱ्याला फोन लागला तेव्हा आजींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या त्या जुन्या, खणखणीत कानडीत बोलायला लागल्या. मला त्यातलं सगळं कळलं नाही. खुर्ची हलकी आहे, मी जड आहे, पण मला उचलायला माझी बाई आहे, एवढं कळलं. तुला पोटाचं, पाठीचं काही असेल तर गाडीत बसून राहा, आम्हाला राग नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि नसेल यायचं तर आत्ताच सांग बाबा, ताटकळत ठेवू नको, मी ऐंशी वर्षांची आहे.

पलीकडून तो हसला असावा, कारण आजीही हसल्या. फोन मला देत म्हणाल्या, "येतोय. त्याच्या पण आईचं डायलिसिस चालू होतं म्हणतो. खरं असेल नाहीतर नसेल."

तो आला. तरुण होता, पाठ ठणठणीत होती, खुर्ची उचलायला पुढंही झाला. मी नको म्हटलं. पुढची सीट मागं घेऊन दिली तेवढं घेतलं. खुर्ची माझ्यानं एका झटक्यात उचलली जात नाही, गुडघ्यावर टेकवून मग आत ढकलावी लागते, ते मला आता जमायला लागलं होतं. आजी गाडीत बसून आमच्याकडं बघत होत्या.

पोचलो तेव्हा सात वाजायला बारा मिनिटं होती. डायलिसिसच्या खोलीला अजून बाहेरून कुलूप होतं. आम्ही दोघी बाकाशेजारी थांबलो. आजींनी मला दोनदा वेळ विचारली, आणि सिस्टर किल्ली घेऊन जिना चढताना दिसल्या तेव्हा डाव्या हाताची बाही स्वतःच वर सरकवायला लागल्या.