उजव्या बाजूची बटनं

आमच्या सेलूत मे महिन्यात कूलर बंद करून कोणी बसला असेल, तर तो एक तर वेडा असतो, नाहीतर माझ्यासारखा मोबाईल दुरुस्त करणारा. बोर्डावरचा बारीक पार्ट काढायचा तर गरम हवेच्या गनने त्याच्या खालचं कथील पातळ करावं लागतं. कूलरचा झोत आला की ते मधेच गोठतं. म्हणून मी आधी कूलर बंद करतो, मग गन हातात घेतो. गिऱ्हाईक शिव्या घालतं. घालू दे.

त्या दिवशी मी सगळं सामान घेऊन घरीच बसलो होतो. पुढ्यात लहान भावाचा गेम उघडून ठेवला होता. दोन्ही हातांत धरून खेळायचा, डावीकडे दिशेची बटनं, उजवीकडे चार गोल बटनं, तसला. ती उजवीकडची चारही काढून मला डाव्या कडेला बसवायची होती, डाव्याच हाताच्या बोटांखाली येतील अशी. म्हणजे त्याला एका हाताने खेळता आलं असतं.

भावाची मोटरसायकल जाम गावाजवळ घसरली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं. हाड जुळलं, पण खांद्यातल्या नसा तुटल्या त्या तुटल्याच. उजवा हात नुसता लटकतो. दवाखान्यात म्हणाले, नसांचं काम आहे, वेळ लागतो, आशा सोडू नका. झालं! तेव्हापासून घरात आशेशिवाय दुसरं बोलणं नाही. आई त्याला गिरडच्या टेकडीवर नेऊन नवस बोलून आली. बाबा पहाटे वांगी अन् सांभाराच्या हिरव्या जुड्या बाजारात टाकायचे आणि तसेच त्याला दवाखान्यात व्यायामाला न्यायचे. तो मात्र रोज सकाळी खाटेवर बसून मांडीवर गेम ठेवायचा, डाव्या हाताने उजवा हात उचलायचा आणि अंगठा बरोबर खालच्या बटनावर टेकवायचा. मग टक लावून पाहत बसायचा.

"हालला का, दादा?"

"हालल्यासारखा वाटला बा," मी म्हणायचो.

काही हलत नव्हता. रोज तेच खोटं बोलून मला वीट आला होता. राग यायचा, त्याचा नाही, त्या अंगठ्याचा. पाण्यात पडलं की हातपाय मारावेच लागतात, आणि हा पठ्ठा एक चांगला हात असताना बुडायला निघाला होता. एका हाताची माणसं काय जगत नाहीत? खेळला तर जरा हसेल, हसला तर खाट सोडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा त्याला व्यायामाला घेऊन गेले तसा मी बोर्ड उघडला.

तीन बटनं लोण्यासारखी सुटली. चौथं, खालचं, तापवून चिमट्यात धरलं होतं, तेवढ्यात आई मागून आली. माझा सदरा घामाने चिंब झालेला.

"काऊन रे, कूलर बंद करून बसला? किती घाम येऊन राह्यला तुले," म्हणाली, आणि तिने खटका दाबला.

थंड झोत थेट बोर्डावर आला. कथील गोठलं, पण माझा हात वर ओढतच होता. बटन निघालं आणि त्याच्या खालचं तांबंही सोबत आलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. ज्या जागी त्याचा अंगठा असायचा, तीच जागा गेली. आईला काय बोलणार? तिला पोराचा घाम दिसला, तिने कूलर लावला.

उरलेली तांब्याची रेघ खरवडून मी केसाएवढी तार जोडली आणि चारही बटनं डावीकडे बसवली. उजवीकडची भोकं बुजवून टाकली. चालू करून पाहिलं, चाललं.

भाऊ आला तसा मी गेम त्याच्या हातात दिला. त्याने डाव्या हाताने गाडी पळवली, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सवयीने त्याने उजवा हात उचलून ठेवला. अंगठा गुळगुळीत प्लास्टिकवर टेकला. तो थांबला.

"काढून टाकले तुनं?"

"एका हातानं खेळता येते ना आता तुले."

"म्हंजे तुले पटलं, हा हात येत नाई म्हणून," तो म्हणाला. "अन् रोज हालते हालते म्हणत होता."

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. आई आत निघून गेली. बाबा दारात उभे होते, ते चपला काढायच्या विसरले.

"ते खालचं बटन होतं तिथं लाव परत," भाऊ म्हणाला.

मी सुट्या पार्टच्या डब्यातलं तसलंच एक बटन काढून गोंदाने चिकटवलं आणि त्याला सरळ सांगितलं, "नुसतं चिकटवलं. खाली तार नाई. आता आणखी तापवलं तर बोर्ड जाईन."

"राहू दे. आंगठा हालला का मंग जोडजो."

"जोडतो," मी म्हटलं.

तो आताही रोज सकाळी अंगठा त्या बटनावर ठेवतो. फक्त मला काही विचारत नाही. पूर्वी विचारायचा तेव्हा राग यायचा. आता विचारत नाही, तर घरात पाय ठेवावासा वाटत नाही.

बटन चिकटवलं त्या रात्री कोणी फार जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जायला मी गन, कथील, चिमटा, सगळं पिशवीत भरत होतो. आई म्हणाली, "थे तार तं ठेवून जाय घरी. आंगठा हालला तं लागन."

आणखी एक खोटं मला घरात ठेवायचं नव्हतं. मी तारेचं रीळही पिशवीत टाकलं आणि चेन लावली. भाऊ समोरच खाटेवर बसला होता. ठेव, असं तोही म्हणाला नाही.